टोळधाड आणि लोखंडी पैलवान

गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची आहे. परग्रहावरून किड्यांची झुंड उतरते, फौजेची दाणादाण उडते, आणि ज्या पायलटला फौजेने हाकलून दिलेलं असतं त्यालाच मग हातापाया पडून परत बोलावतात. तो सहामजली यंत्राच्या छातीत चढून बसतो. त्याने हात उगारला की यंत्र हात उगारतं, आणि पुढचा अर्धा तास किड्यांचा नुसता चुराडा. मला या गोष्टी आवडतात. पण बघताना दर वेळी एकच शंका येते: यंत्राच्या पायाखाली काय आलं, हे त्या पायलटला कळतं कसं?

अमेरिकेत १९६० च्या दशकात राल्फ मोशर नावाच्या अभियंत्याचं सगळं काम याच शंकेभोवती फिरत होतं. जनरल इलेक्ट्रिक कंपनीत त्याने लष्करासाठी चार पायांवर चालणारं यंत्र बनवलं. वजन सुमारे १,४०० किलो, चालक मधोमध बसलेला. पुढचे पाय हातांनी हलवायचे, मागचे पायांनी. खरी करामत होती ती स्पर्शाची. यंत्राचा पाय दगडाला अडला की तो रेटा, बराच सौम्य होऊन, चालकाच्या हातापायाला जाणवायचा. यंत्र चाललंही. पण चार पायांचा तोल एकट्याने सांभाळताना चालक थोड्याच वेळात थकून जायचा.

त्याच कंपनीचा ‘हार्डिमन’ म्हणजे अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा. त्याने माणसाचा जोर २५ पट करायचा आणि ६८० किलो उचलायचे, असा बेत होता. १९७१ पर्यंत खटपट झाली, पण धड चालला तो एक हात, आणि त्यानेही साधारण निम्मंच ओझं उचललं. सगळा सांगाडा एकदम सुरू केला की तो बेभान झटके द्यायचा, त्यामुळे आत माणूस ठेवून तो पूर्ण चालवून बघितलाच गेला नाही. जुन्या गिझरखाली अंघोळ करणाऱ्याला असे झटके नवे नाहीत. नळ फिरवला तरी पाणी लगेच तापत नाही, म्हणून आपण आणखी फिरवतो, मग एकदम चटका बसतो आणि घाईने उलटा फिरवला की गारठा. हुकूम आणि परिणाम यांत जरा उशीर झाला की दुरुस्तीच बिघाड होऊन बसते. इथे तर सांध्यासांध्याला एकेक गिझर!

आकाराची अडचण त्याहून जुनी. गॅलिलिओने ती १६३८ मध्येच लिहून ठेवली आहे. माणूस दहापट उंच केला तर वजन हजारपट होतं, पण हाड आडवं कापलं तर दिसणारं क्षेत्रफळ शंभरपटच वाढतं. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर दहापट भार. योकोहामाच्या बंदरावर २०२० ते २०२४ या काळात ‘गंडम’ या जपानी मालिकेतलं यंत्र खऱ्या आकारात उभं होतं. उंची १८ मीटर, वजन सुमारे २५ टन. ते हातपाय हलवायचं, गुडघाही टेकायचं, पण कमरेला मागून भक्कम सांगाड्याचा आधार होता. तो नसता आणि तोल गेला असता तर? १८ मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीवर ताशी ६५ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने आदळते.

आता समोरची झुंड बघू. परग्रहाची कशाला, आपली टोळधाडच घ्या. वाळवंटी टोळ जेमतेम दोन ग्रॅमचा आणि रोज जवळपास स्वतःच्या वजनाइतकं खाणारा. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात चार कोटींच्या वर टोळ असू शकतात. गंमत म्हणजे हाच टोळ एरवी एकलकोंडा असतो, आपणहून वाळीत पडल्यासारखा, दुसरा टोळ दिसला की बाजूला सरकणारा. एकटा टोळ आणि थव्यातला टोळ ही एकाच किड्याची दोन रूपं आहेत, हे बोरिस उव्हारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये मांडलं.

रूप पालटतं कशाने? ऑक्सफर्डच्या संशोधकांनी एकट्या टोळाच्या मागच्या मांडीवर बारीक कुंचला फिरवला. दर मिनिटाला पाच सेकंद, असं चार तास. तेवढ्यावर तो गर्दीत मिसळायला लागला. चारा आटला की टोळ उरलेल्या हिरवळीवर दाटीने जमतात, मांड्या घासतात आणि अंगात सेरोटोनिन हे मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारं रसायन वाढतं. ज्या स्पर्शासाठी मोशर झगडला, तोच इथे फौज उभी करतो.

ही फौज सेनापतीशिवाय पुढे सरकते, त्याचंही कारण स्पर्शच, पण भलताच. टोळाची पिल्लं एकमेकांना खातात. पोटाकडची नस कापून मागचा चावा कळेनासा केला, तेव्हा त्यांचा जथा मंदावला आणि जास्त पिल्लं खाल्ली गेली. पुढच्याने पळायचं, कारण मागचा भुकेला आहे. अशा फौजेत पैलवानाने नेमकं कोणाला लोळवायचं?

मे २०२० मध्ये टोळ मध्य प्रदेशातून अमरावती, वर्धा, नागपूरकडे उतरले. दिवसा लोकांनी थाळ्या, डबे बडवून ते हुसकले, म्हणजे पुढच्या शिवारात ढकलले. खरं काम रात्री आणि पहाटे. अंधार पडला की टोळ झाडांवर बसतात आणि गारव्यात त्यांना उडता येत नाही. म्हणून उजाडायच्या आत फांद्याफांद्यांवर फवारणी उरकायची. ऊन चढलं की उरलेले टोळ पंख झटकतात आणि वारा नेईल तिकडे निघतात.