यकृत शस्त्रक्रियेआधीचे मोजमाप : पार्श्वभूमी

यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेला भाग वाढतो. १९३१ मध्ये हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग काढून ही वाढ पद्धतशीरपणे दाखवली. मात्र ती पुरेशी होईपर्यंत रुग्णाला उरलेल्या यकृतावरच तग धरावा लागतो आणि तेवढे यकृत अपुरे पडले तर ते निकामी होऊन रुग्ण दगावू शकतो. त्यामुळे गाठीसह किती भाग काढायचा यापेक्षा मागे किती राहणार, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो.

हा प्रश्न आकड्यांत मांडण्यासाठी आधी यकृताचे विभाग नीट कळायला हवे होते. १८९८ मध्ये जेम्स कँटली यांनी यकृताची उजवी-डावी विभागणी पित्ताशयापासून अधोमहाशिरेकडे (शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर) जाणाऱ्या रेषेवर होते, असे दाखवले. १९५७ मध्ये फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद कुइनो यांनी पोर्टल शिरेच्या (आतड्यांकडून यकृतात रक्त आणणारी शीर) शाखांनुसार आठ खंड सांगितले. आजही स्कॅनवर कापाची रेषा आखली जाते ती याच नकाशाच्या आधारे.

१९७१ मध्ये लंडनमध्ये सीटी स्कॅनरवर पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि १९७९ मध्ये हेम्सफील्ड व सहकाऱ्यांनी यकृत, मूत्रपिंड व प्लीहा यांचे घनफळ सीटीवरून अचूक मोजता येते, हे प्रसिद्ध केले. पद्धत सरळ होती : प्रत्येक छेदप्रतिमेवर यकृताची कड आखायची, आतले क्षेत्रफळ छेदाच्या जाडीने गुणायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. आज संगणक कड स्वतः ओळखतो, तरी गाठी वगळल्या गेल्या का, मोठ्या शिरा व पित्ताशय चुकून मोजले गेले नाहीत ना, हे जाणकार नजरेनेच तपासावे लागते.

उरणारे यकृत मिलिलिटरमध्ये मिळाले, तरी ते कशाच्या प्रमाणात पाहायचे हा खरा अवघड मुद्दा होता, आणि माझ्या मते या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. गाठींनी फुगलेले किंवा आजाराने आक्रसलेले यकृत हे प्रमाण काढताना भागायचा विश्वासार्ह आकडा देऊ शकत नाही. म्हणून १९९५ मध्ये उराता व सहकाऱ्यांनी जपानी रुग्णांवरून शरीराच्या पृष्ठफळावर आधारित सूत्र दिले : पृष्ठफळ गुणिले ७०६.२, अधिक २.४. २००२ मध्ये व्होथी व सहकाऱ्यांनी पाश्चात्त्य प्रौढांसाठी वेगळे सूत्र मांडले : पृष्ठफळ गुणिले १२६७.२८, वजा ७९४.४१. पृष्ठफळ १.९ चौरस मीटर असलेल्या माणसाचे यकृत पहिल्या सूत्राने सुमारे १३४४ मिलिलिटर आणि दुसऱ्याने सुमारे १६१३ मिलिलिटर येते. अशा माणसाचे ४०० मिलिलिटर यकृत उरणार असेल, तर तेच प्रमाण एकीकडे ३० टक्के आणि दुसरीकडे २५ टक्के भरते. निरोगी यकृतासाठी किमान २० टक्के, दीर्घ केमोथेरपीनंतर ३० टक्के आणि सिरॉसिस (यकृत व्रणांनी कठीण होणे) असल्यास ४० टक्के अशा मर्यादा रूढ आहेत, तेव्हा अहवालात कोणते सूत्र वापरले हे नमूद असायलाच हवे.

१९८० च्या दशकात जपानमध्ये माकुउची यांच्यासारख्या शल्यविशारदांनी काढायच्या भागाची पोर्टल शाखा आधीच बंद करून उरणारा भाग वाढवण्याची पद्धत रुजवली, तेव्हा मोजणी एकदाच न राहता आधी आणि काही आठवड्यांनी अशी दोनदा होऊ लागली. जिवंत दात्याकडून प्रत्यारोपण सुरू झाल्यावर तर एकाच स्कॅनमधून दोन जिवांचा हिशेब करावा लागला. दात्याकडे पुरेसे यकृत उरले पाहिजे आणि मिळालेला तुकडा रुग्णाच्या वजनाच्या साधारण ०.८ टक्के तरी भरला पाहिजे, म्हणजे ६० किलोच्या रुग्णासाठी ४८० ग्रॅम. भारतात यकृत प्रत्यारोपणे बहुतांशी जिवंत दात्यांवर अवलंबून असल्याने हा हिशेब इथे विशेष जपून करावा लागतो. शिवाय स्कॅनमधले यकृत रक्ताने भरलेले असते, त्यामुळे काढलेल्या तुकड्याचे वजन अंदाजापेक्षा कमी भरू शकते.

२०१२ मध्ये जर्मन शल्यविशारदांनी दोन टप्प्यांच्या शस्त्रक्रियेने साधारण नऊ दिवसांत उरणाऱ्या भागाचे घनफळ ७४ टक्क्यांनी वाढल्याचे दाखवले, परंतु त्या २५ रुग्णांपैकी तिघांचा मृत्यू झाला. घनफळ झपाट्याने वाढले तरी कार्यक्षमता त्याच गतीने वाढतेच असे नाही, हे पुढे स्पष्ट होत गेले. म्हणून अनेक केंद्रे आता घनफळाच्या जोडीला रक्तात सोडलेले रंगद्रव्य यकृत किती वेगाने काढून टाकते याची चाचणी किंवा आण्विक स्कॅनही करतात.