एक्झेमा, ते चायनीज पथ्य आणि आपला डबा

नमस्कार मंडळी,

हल्ली डब्याच्या ऑर्डरीसोबत एकाच टाइपचे मेसेज यायला लागलेत. "ताई उद्यापासून कोळंबी नको, लेकाच्या कोपरात एक्झेमा उठलाय, लिफ्टमधल्या आंटी म्हणाल्या हीटी खाणं बंद करा." कुणी मेडिकल हॉलमधल्या (चिनी औषधांच्या दुकानातल्या) सिनसेने, म्हणजे चिनी वैद्याने, दिलेल्या पथ्याच्या कागदाचा फोटो पाठवतं आणि विचारतं कुळीथ चालतील का, आता त्या कागदावर कुळीथ कुठून असणार! प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून हे पत्रक. आम्ही डॉक्टर नाही, सिनसे पण नाही, सिंगापुरात घरून डबे करणाऱ्या तिघीजणी आहोत, पण आमच्यातल्या एकीच्या मुलीला लहानपणापासून एक्झेमा आहे त्यामुळे या विषयात पडावंच लागलं.

पहिली गोष्ट म्हणजे हीटी-कूलिंग हे आपल्या उष्ण-थंडसारखंच वाटतं पण डिट्टो तेच नाही. चिनी वैद्यकात एक्झेमाला शीझेन म्हणतात, त्यातला 'शी' म्हणजे ओल, दमटपणा (हो, उच्चार थोडाफार आपल्या "शी!" सारखा, आणि ओघळणारं पुरळ बघितलं की तोंडातून तेच निघतं). म्हणजे तिकडे नावातच कारण सांगून टाकलंय. त्यांचं म्हणणं असं की पोटातलं 'पी' नावाचं जे खातं आहे, ज्याला इंग्रजीत स्प्लीन म्हणतात पण आपल्या प्लीहेशी त्याचा तसा संबंध नाही, ते खाल्लेलं पचवतं आणि अंगातलं पाणी नीट फिरवतं. गोड, तळलेलं, फ्रीजमधलं गार, रात्री उशिराचं जेवण, याने ते थकतं, मग पाणी फिरायचं थांबून ओल साचते, त्यात उष्णता मिसळली की कातडीवर येते. ओल जड आणि चिकट, म्हणून पुरळ ओघळतं, चिघळतं, बरं झालं म्हणेस्तोवर परत येतं. खाज मात्र वाऱ्याच्या खात्यात. आणि हे वर्षानुवर्षं चाललं की रक्त कमी पडतं आणि कातडी कोरडी, जाड, भेगाळलेली होते असं ते मानतात.

हे एवढं सांगायचं कारण, सगळ्यांचा एक्झेमा एका पथ्याचा नसतो. लाल, गरम, पाणी सुटणारा असेल तर ओल-उष्णता. फार लाल नाही पण मूल किरकिरं, भूक नाही, संडास पातळ, तर 'पी' कमजोर. कोरडा, जुना, रात्री खाजवून खाजवून रक्त काढणारा असेल तर रक्त कमी. शेजारच्या मुलाचा कागद आपल्या मुलाला लावायचा नाही तो यासाठी. पहिल्याला गार गुणाचं देतात आणि तेच दुसऱ्याला दिलं तर त्यांच्याच हिशोबाने पोट अजून बिघडतं.

आता फावू. हा शब्द नीट समजला की निम्मे मेसेज कमी होतील. फावू म्हणजे दबलेलं दुखणं वर काढणारे पदार्थ, आणि ते हीटीच असतात असं नाही. खेकडा बघा, त्यांच्या पुस्तकात खेकडा गार गुणाचा, तरी फावू. कोळंबी, खेकडा, शिंपल्या, मटण, बांबूचे कोंब, आंबा, दारू, हे बहुतेक याद्यांमध्ये सापडतं. आणि आपल्याला धक्का बसेल अशी एक वस्तू म्हणजे कोथिंबीर! आपण उष्णता झाली की धन्याचं पाणी पितो आणि इथे सिनसे कोथिंबीर बंद करायला सांगतात. ताकाचंही तसंच, आपल्याकडे ताक म्हणजे पोटाला थंडावा, त्यांच्याकडे दूधदुभतं ओल वाढवणारं. कोण बरोबर असं विचारू नका, दोन घरांच्या दोन रीती आहेत, सासर-माहेर सारख्या. ज्यांचं पथ्य घेतलंय त्यांचं पूर्ण ऐका, अर्धं इकडचं अर्धं तिकडचं केलं तर कशाने काय झालं ते कळतच नाही.

जुळतं तेही बरंच आहे. मूग दोन्हीकडे थंड. कोहळा दोन्हीकडे थंड, वेट मार्केटमध्ये, म्हणजे इथल्या भाजी-मासळीच्या बाजारात, विंटर मेलन म्हणून जो हिरवा पिंप कापून विकतात तो आपला कोहळाच, त्यासाठी लिटल इंडियातल्या टेक्का मार्केटला जायची गरज नाही. कारलं, दुधी, काकडी ओल-उष्णतेवाल्यांना. मखाणा तर गंमत आहे, तीच वनस्पती चायनीज दुकानात न फुलवलेल्या गोल बियांच्या रूपात मिळते, आणि कमळबी, शान-याओ म्हणजे त्यांचा पांढरा कंद, फू-लिंग नावाची बुरशी यांच्यासोबत सूप करतात ते 'पी' सुधारायला. कोरड्या एक्झेमाला काळे तीळ, नाशपाती, पांढरी मशरूमसारखी ती स्नो फंगस. आणि सगळ्यांना चालणारी गोष्ट म्हणजे भाताची पेज, त्यांची काँजी. आजीने तापात दिलेली पेज इथे हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलवर, पैसे देऊन खावी लागते ते वेगळं.

सगळ्यात जास्त विचारलं जातं ते बार्लीबद्दल. हॉकर सेंटरचं बार्ली वॉटर पाजतोय तरी फरक नाही, असं तीन जणींनी कळवलं. एक तर त्यात साखर इतकी असते की ओल घालवायला प्यायचं आणि साखरेने परत आणायची असा कारभार. दुसरं म्हणजे पथ्यात सांगतात ती बार्ली वेगळी, चायनीज बार्ली म्हणून जी पांढरी, मोठी, मधे खाच असलेली बी मिळते ती आपल्या सातूची बहीण नाहीच, ती यी-रेन, इंग्रजीत जॉब्स टीअर्स, आपल्याकडे जिला रानजोंधळा म्हणतात ती. हिची एक गोष्ट फार आवडते मला. पहिल्या शतकातला हान सेनापती मा युआन आजच्या उत्तर व्हिएतनामच्या मोहिमेवर गेला, तिथल्या दमट रोगट हवेवर उपाय म्हणून हे दाणे खायचा, परतताना लागवडीसाठी गाडीभर बी घेऊन आला, आणि तो मेल्यावर लोकांनी बादशहाचे कान भरले की गाडीत बी नव्हतं, लुटीचे मोती होते. दाणे हातात घेऊन बघा, गैरसमज होण्यासारखेच दिसतात.

करायचं कसं तर अर्धी वाटी यी-रेन रात्री भिजत घालायचं, सकाळी मूठभर मूग घालून भरपूर पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवायचं, तास तरी लागतो, कुकरला पटकन होतं. साखर नाही. पोट नाजूक असेल तर यी-रेन आधी कोरडं भाजून घेतात, त्याने गारपणा कमी होतो म्हणतात, आणि मग मूग पण नको. गरोदर बायकांनी यी-रेन घ्यायचं नाही, हे चिनी वैद्यकच सांगतं, कृपया हे विसरू नका.

आता थोडं कडू. या पथ्याने एक्झेमा बरा होतो असं आम्ही म्हणत नाही आणि कुणी म्हटलं तर सावध रहा. चिनी काढ्यांवर अभ्यास झालेत, 1992 च्या सुमारास लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी मुलांवर काढ्याची ट्रायल घेतली तेव्हा निकाल आशेचा होता, पण 2013 मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) 28 अभ्यास एकत्र तपासले तेव्हा पक्कं काही सांगता येत नाही असंच निघालं. आणि ते काढ्यांचं, नुसत्या खाण्याच्या पथ्याचा पुरावा त्याहून पातळ. क्रीमच्या बाबतीत तर डोळे उघडे ठेवा. 1999 मध्ये लंडनच्याच डॉक्टरांनी 11 'हर्बल' चायनीज क्रीम तपासली, 8 मध्ये डेक्सामेथासोन निघालं, म्हणजे स्टेरॉइड, ते पण लेबलवर न लिहिता. डॉक्टरने दिलेल्या स्टेरॉइडला घाबरून आपण बिननावाचं स्टेरॉइड बाळाच्या तोंडाला चोळायचं, काय उपयोग. सिनसेकडे जायचं तर रजिस्टर्ड आहे का ते टीसीएम (म्हणजे चिनी वैद्यक) प्रॅक्टिशनर्स बोर्डाच्या वेबसाइटवर बघता येतं, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आयांनो, हे खास तुमच्यासाठी. लहान मुलाचं दूध, अंडं, गहू, मासे सगळं एकदम आपल्या मनाने बंद करू नका. आम्ही केलं होतं. मुलगी सहा महिन्यांत वाळली, एक्झेमा होता तिथेच, आणि स्किनच्या डॉक्टरांनी जे ऐकवलं ते अजून आठवतं. एक्झेमावाल्या मुलाचं एखादं अन्न बरेच दिवस पूर्ण तोडलं आणि परत सुरू केलं तर कधी कधी खरी जोरदार अ‍ॅलर्जी उठू शकते. काढायचंच तर डॉक्टरला विचारून, एका वेळी एकच, आणि वहीत तारीख लिहून. मॉइश्चरायझर आणि लिहून दिलेलं मलम चालूच ठेवायचं, पेज पाजली म्हणून ते सुटत नाही. इथल्या हवेत घाम आणि घरात एसीचा कोरडेपणा, या दोघांचा हात पण कोळंबीइतकाच असतो बऱ्याचदा.

पुरळावर पिवळी खपली, पू, ताप आला तर पथ्य बाजूला ठेवून त्याच दिवशी क्लिनिक. खाल्ल्यावर लगेच ओठ-डोळे सुजले किंवा श्वास लागला तर अ‍ॅम्ब्युलन्ससाठी 995.

राहिला डबा. ऑर्डर करताना फक्त एवढं कळवा: ओला, कोरडा की पोटाचा, आणि कागदावर बंद काय आहे ते. तिखट कमी, कोथिंबीर-खोबऱ्याशिवाय, तळण नाही, मटणाऐवजी मुगाचं बिरडं, हे सगळं होतं, वेगळे पैसे नाहीत. कोहळ्याची भाजी मंगळवार-शुक्रवारी असतेच. एकाच कढईत आदल्या दिवशी कोळंबी झालेली असू शकते, आम्ही घासतो पण वेगळं स्वयंपाकघर नाही आमचं, म्हणून ज्यांना खरी अ‍ॅलर्जी आहे त्यांनी आमचा डबा घेऊ नये, मंगळवार-शुक्रवारचा शाकाहारी असतो तोही नाही. आदल्या रात्री नऊपर्यंत मेसेज टाका, नंतर मूग भिजवलेले असतात.