स्कुबा सिलिंडरचे अतिभरण

पाण्याखाली श्वास घेण्यासाठी डायव्हर सोबत नेतो त्या हवेच्या सिलिंडरच्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या गोलाकार भागावर, कार्यदाब (नेहमीच्या वापरासाठी ठरवलेला कमाल दाब) कोरलेला असतो. त्यापेक्षा जास्त दाबाने हवा भरणे, याला अतिभरण किंवा डायव्हरांच्या बोलण्यात ‘ओव्हरफिल’ म्हणतात. ही प्रथा जगात सर्वांत उघडपणे रुजली ती अमेरिकेतील उत्तर फ्लोरिडात. तिथे चुनखडीच्या पाण्याखालच्या गुहा कित्येक किलोमीटर आत जातात. संकट आले तर थेट वर येण्याची सोय गुहेत नसते. म्हणून एक तृतीयांश हवा आत जाताना, एक तृतीयांश परतताना आणि उरलेली राखीव, असा नियम गुहा-डायव्हर पाळतात. हवा जितकी जास्त तितकी ही राखीव शिदोरी मोठी, हे अतिभरणामागचे कारण आहे आणि ते क्षुल्लक नाही.

तिथे लोकप्रिय असलेल्या कमी दाबाच्या पोलादी सिलिंडरांचा कार्यदाब २,४०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), म्हणजे सुमारे १६५ बार असतो. चाचणीच्या तारखेपुढे अधिकचे (+) चिन्ह कोरलेले असेल, तर अमेरिकी नियमानुसार १० टक्के जास्त, म्हणजे २,६४० पीएसआयपर्यंत भरता येते. ही सवलत कायदेशीर आहे. तिला अतिभरण म्हणू नये. गुहांच्या परिसरात मात्र हेच सिलिंडर ३,६०० पीएसआय किंवा त्याहून जास्त दाबाने भरले जातात. त्यातून २,६४० पीएसआयच्या तुलनेत हवा साधारण एक तृतीयांशाने वाढते.

समर्थक म्हणतात, हे सिलिंडर कार्यदाबाच्या पाच-तृतीयांश, म्हणजे ४,००० पीएसआय दाबाने तपासलेले असतात आणि वर्षानुवर्षे असेच भरले जात आहेत. युक्तिवाद पोकळ नाही. चांगले पोलाद चिवट असते. पण चाचणीत नेमके काय होते ते पाहायला हवे. अमेरिकेत दर पाच वर्षांनी होणाऱ्या जलदाब चाचणीत सिलिंडरमध्ये पाणी भरून अर्धा मिनिट किंवा थोडा जास्त वेळ दाब दिला जातो आणि तो किती फुगतो ते मोजतात. दाब काढल्यावर उरणारा कायमचा फुगवटा एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांहून जास्त निघाला, तर सिलिंडर बाद. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. ३,६०० पीएसआयची हवा मात्र प्रचंड ऊर्जा साठवते आणि ती तासन्‌तास, शेकडो वेळा भिंतीवर ताण देते. तार पुन्हापुन्हा वाकवली की तुटते, तशीच ही थकवा येण्याची क्रिया आहे. आतून गंजाचे खड्डे पडले असतील, तर थकवा तिथूनच सुरू होतो. चाचणीचा दाब सुरक्षिततेसाठी राखलेले अंतर दाखवतो. ते अंतर रोज खर्च करायचे नसते.

उष्णतेचा हिशेब तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. २१ अंश सेल्सिअसला ३,६०० पीएसआय असलेला सिलिंडर उन्हातल्या बंद गाडीत ६० अंशांपर्यंत तापला, तर आतला दाब ४,००० पीएसआयच्या वर जातो, म्हणजे चाचणीचा दाबही ओलांडतो. उलट, भरताना हवा तापते. गरम असताना ३,००० दिसणारा दाब निवल्यावर २,८०० च्या आसपास उतरतो. म्हणून भरणारा किंचित वर नेतो. निवल्यावर दाब मर्यादेत येत असेल, तर हे अतिभरण ठरत नाही.

अमेरिकी सिलिंडरच्या व्हॉल्व्हमध्ये सुरक्षा चकती असते. चाचणी दाबाच्या ९० ते १०० टक्क्यांदरम्यान ती फुटते आणि हवा बाहेर सोडते. काही जण अतिभरणासाठी जाड चकती बसवतात किंवा दोन चकत्या लावतात. माझ्या मते या प्रथेतला सर्वांत वाईट भाग हाच: शेवटचा पहारेकरी हटवला जातो. युरोपात अशी चकती सहसा नसते.

ॲल्युमिनियमच्या बाबतीत पोलादाचे युक्तिवाद लागूच पडत नाहीत. नेहमीच्या ‘ॲल्युमिनियम ८०’ सिलिंडरचा कार्यदाब ३,००० पीएसआय असतो आणि त्याला अधिकच्या चिन्हाची सवलत मिळत नाही. पोलादाला थकव्याची जशी एक खालची मर्यादा असते, म्हणजे तिच्याखालचा ताण कितीही वेळा आला तरी थकवा येत नाही, तशी या धातूला नसते. शिवाय ६३५१ या जुन्या मिश्रधातूच्या सिलिंडरांना मानेजवळ, सतत ताणाखाली, तडे जात. लक्सफर कंपनीने अमेरिकेत १९८८ मध्ये हा मिश्रधातू वापरणे थांबवले. असे काही सिलिंडर भरतानाच फुटले आणि भरणाऱ्यांना गंभीर इजा झाल्या.

इथे एक अन्याय दडलेला आहे. जादा हवेचा लाभ डायव्हरला मिळतो, पण दाब चढत असताना सिलिंडरजवळ उभा असतो तो भरण केंद्रावरचा कामगार. पाण्याखाली हवा वापरली जाते तसा सिलिंडरमधला दाब उतरतच जातो, म्हणून फुटण्याचा धोका मुख्यतः जमिनीवर, भरताना आणि वाहतुकीत असतो. त्यामुळे भरायला नकार देण्याचा हक्क त्या कामगाराला असायलाच हवा.

भारतात वायू सिलिंडर नियम, २०१६ यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, करते. तारकर्ली-मालवण किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडजवळच्या उथळ, छोट्या डायव्हला कोरलेला दाब भरपूर पुरतो. तिथे अतिभरणाचे कारणच उरत नाही. खाऱ्या हवेत लक्ष द्यायचे ते व्हॉल्व्हच्या आट्यांकडे, बूट (सिलिंडरच्या बुडाला चढवलेले आवरण) काढल्यावर दिसणाऱ्या तळाकडे आणि खांद्यावरच्या शेवटच्या चाचणीच्या तारखेकडे.