पुडीतला पत्ता

अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धची गुप्तवार्ता म्हटली की खबऱ्या, चोरून ऐकलेले फोन आणि पहाटेचा छापा डोळ्यांसमोर येतो. हे सगळं असतंच. पण खबऱ्याला पैसे हवे असतात, कधी दुसऱ्या टोळीचा काटा काढायचा असतो. पकडला गेलेला माणूस तर सांगतो, माल कुठून आला मला ठाऊक नाही. बरेचदा तो खरंच बोलत असतो. या धंद्यात प्रत्येकाला आपल्यापुरताच टप्पा माहीत असतो. शेतापासून पुडीपर्यंतचा अख्खा प्रवास केलेला साक्षीदार एकच, तो म्हणजे खुद्द माल.

त्याला बोलतं करण्याचं काम अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याची, म्हणजे डीईएची प्रयोगशाळा 1977 पासून करते आहे. अफूच्या बोंडाला चिरा दिल्यावर निघणाऱ्या चिकात मॉर्फिन असतं, पण एकटं नसतं. कोडीन, थेबाइन, पॅपाव्हरीन, नोस्कॅपीन ही भावंडंही सोबत असतात. मॉर्फिनचं हेरॉइन करताना ती पूर्णपणे जात नाहीत. किती उरतात, कोणत्या रूपात उरतात, हे बनवणाऱ्याच्या पद्धतीवर ठरतं. चोरट्या कारखान्यात शुद्धतेसाठी कोणी जीव टाकत नाही. तिथली घाई, आळस आणि हाताशी असलेली रसायनं पावडरीत उरतात. या उरल्यासुरल्या मळावरून नमुना नैर्ऋत्य आशियाचा, आग्नेय आशियाचा, मेक्सिकोचा की दक्षिण अमेरिकेचा, हे सांगता येऊ लागलं.

यात एक गोम आहे. हा ठसा पाककृतीचा असतो, जमिनीचा नव्हे. आणि पाककृती शिकता येते. पुढे मेक्सिकोत दक्षिण अमेरिकी पद्धतीने पांढरं हेरॉइन बनू लागलं, तेव्हा रसायनज्ञांची जुनी विभागणी गोंधळात पडली. स्वयंपाकी बदलला तरी बदलणार नाही अशी खूण हवी होती.

ती अणूंच्या वजनात सापडली. निसर्गातल्या कार्बनपैकी साधारण 1.1 टक्का आणि नायट्रोजनपैकी जेमतेम 0.4 टक्का अणू थोडे जड असतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड अणूंना समस्थानिक म्हणतात. कोरड्या हवेत झाड पाणी वाचवायला पानांची छिद्रं मिटून घेतं आणि मग त्याच्यात जड कार्बनचं प्रमाण किंचित वाढतं. नायट्रोजनचं प्रमाण माती, पाऊस आणि मातीतले जिवाणू ठरवतात. नमुना जाळून त्याचा वायू करायचा आणि मास स्पेक्ट्रोमीटर या वजनानुसार कण वेगळे करणाऱ्या यंत्रात हलके-जड अणू मोजायचे. फरक हजारात मोजक्याच भागांचा असतो, पण यंत्राला तो पुरतो. संशोधक जेम्स एलेरिंगर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत दाखवलं, की या मोजणीला कोकेनमध्ये अगदी थोड्या प्रमाणात असणाऱ्या दोन अल्कलॉइडांची, म्हणजे वनस्पतीतच तयार होणाऱ्या रसायनांची, जोड दिली, तर 200 पैकी 96 टक्के नमुन्यांचा उगम अचूक सांगता येतो.

ही पद्धत कुठवर नेते आणि कुठे थांबते, हे ‘पाँग सू’ या जहाजाच्या प्रकरणात चांगलं दिसतं. एप्रिल 2003 मध्ये उत्तर कोरियाचं हे मालवाहू जहाज ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया किनाऱ्याजवळ आलं. खवळलेल्या समुद्रातून छोट्या होडीने हेरॉइन किनाऱ्यावर उतरवण्यात आलं. त्यात होडीवरचा एक जण बुडाला. काही दिवसांच्या पाठलागानंतर कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरीने डेकवर उतरले आणि जहाज ताब्यात आलं. जप्त हेरॉइनचे समस्थानिक तपासले, तर ते ओळखीच्या चारही प्रदेशांशी जुळेनात. मग उत्तर कोरियाचं का? मोह होतो, पण तसं म्हणता येत नाही. तुलनेला तिथला खात्रीचा नमुनाच हाताशी नव्हता. बोटांचा ठसा मिळाला, तरी तो ज्याच्याशी ताडून बघायचा तो नोंदीत हवा ना! आणि ‘माल कुठला’ याचं उत्तर मिळालं असतं, तरी ‘कोणाला ठाऊक होतं’ हा प्रश्न उरलाच असता. किनाऱ्यावरची माणसं दोषी ठरली. जहाजाचा कप्तान आणि तीन अधिकारी मात्र 2006 मध्ये निर्दोष सुटले. गुप्तवार्ता आणि पुरावा यांच्यात असं अंतर असतं. मला तर ते असावंसंच वाटतं.

जप्ती म्हणजे पकडलेला वाटा. एकूण पीक किती, हे वरून पाहावं लागतं. उपग्रहाच्या चित्रात अफू आणि गहू एकसारखे हिरवे दिसतात, म्हणून एकाच शेताची दोन चित्रं घेतात: एक अफू फुलण्या-बोंडण्याच्या सुमारास, दुसरं काढणीनंतर. अफूचं शेत तोवर नांगरलेलं असतं, गहू अजून उभा असतो. अफगाणिस्तानात तालिबानने एप्रिल 2022 मध्ये बंदी घातल्यावर लागवड 2,33,000 हेक्टरवरून 2023 मध्ये 10,800 हेक्टरवर आली, हा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज अशाच चित्रांच्या आधारे निघाला. दुसरं टोक गटारात सापडतं. इटलीतल्या संशोधकांनी 2005 मध्ये पो नदीच्या पाण्यात कोकेनचा शरीरातून बाहेर पडणारा अवशेष मोजला आणि रोज सुमारे चार किलो कोकेन वापरलं जात असावं, असा हिशेब मांडला. सर्वेक्षणात लोक जेवढं कबूल करतात, त्याहून तो आकडा बराच मोठा होता.

फेंटानिलसारख्या कृत्रिम पदार्थांनी मात्र यातल्या बऱ्याच युक्त्या बोथट केल्या आहेत. त्याला शेत लागत नाही, त्यामुळे उपग्रहाला दिसायला काही नाही. दोन मिलिग्रॅमही जिवावर बेतू शकतात, म्हणजे एका छोट्या पार्सलात अख्ख्या ट्रकभर हानीचा ऐवज मावतो. म्हणून लक्ष आता कच्च्या रसायनांकडे वळलं आहे. 1988 च्या संयुक्त राष्ट्र करारानुसार अशा रसायनांच्या व्यापारावर देखरेख असते, आणि 2006 पासून निर्यात करणारा देश ऑनलाइन व्यवस्थेतून आयात करणाऱ्या देशाला आधीच कळवू शकतो. ही हेरगिरी कमी आणि हिशेबतपासणी जास्त. एखादी कंपनी एवढं रसायन मागवते, पण तिच्या पत्त्यावर कारखानाच नाही, असं समोरच्या देशातल्या कारकुनाच्या ध्यानात आलं तर माल बंदरातून सुटण्याआधीच अडतो.

रसायनज्ञांनी अजून हार मानलेली नाही. मेथॅम्फेटामीन या उत्तेजक अमली पदार्थासाठी कच्चा माल म्हणून वापरलेलं एफेड्रीन वनस्पतीतून काढलेलं, आंबवून बनवलेलं की निव्वळ रासायनिक, हे जड कार्बन आणि जड नायट्रोजनच्या प्रमाणावरून ओळखता येतं. पत्त्यात गावाचं नाव नसलं, तरी दुकान कोणत्या प्रकारचं होतं एवढं कळतं.