टॉर्क विभागणी, आलिशान मोटारगाड्यांच्या सर्वचाक-चालनातील
इंजिनाचा टॉर्क, म्हणजे आसाला पीळ देणारा जोर, पुढच्या व मागच्या चाकांकडे ज्या प्रमाणात पोचतो त्यास टॉर्क विभागणी म्हणतात. आलिशान गाड्यांत ती मुख्यतः मधल्या डिफरन्शियलने (दोन आसांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देत टॉर्क वाटणाऱ्या दंतचक्रांच्या संचाने), अनेक चकत्यांच्या क्लचने किंवा प्रत्येक आसाला स्वतंत्र विद्युत मोटर देऊन साधतात. माहितीपत्रकांतील ‘४०:६०’ (पुढे ४०, मागे ६० टक्के) यासारख्या आकड्याचा अर्थ या तिन्ही पद्धतींत वेगवेगळा असतो आणि विषयासंबंधीचा बहुतेक गोंधळ तेथूनच उद्‌भवतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. ब्रामा जोसेफ डिप्लॉक या इंग्रज अभियंत्याने १८९३ मध्ये चारचाकी चालनाचे पेटंट घेतले, परंतु ते वाफेच्या ओढयंत्रासाठी होते. १९०० च्या सुमारास लोनर-पोर्शे गाडीच्या चारही चाकांच्या तुंब्यांत विद्युत मोटरी बसवण्यात आल्या. तीत टॉर्क वाटून देणारा यांत्रिक दुवा नव्हता. साधारणतः १९०३ ची मानली जाणारी नेदरलँड्समधील स्पायकर ६० एचपी ही इंजिनावर चालणारी पहिली सर्वचाक-चालित मोटार म्हणून सांगितली जाते. विभागणी हाच निकष धरल्यास स्पायकरचा दावा अधिक ग्राह्य वाटतो. रस्त्यावरील आलिशान मोटारीत ही व्यवस्था ब्रिटनच्या जेन्सन एफएफने १९६६ मध्ये आणली. फर्ग्युसन या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीच्या या गाडीत पुढे ३७ व मागे ६३ टक्के टॉर्क जाई. अशा अवघ्या ३२० गाड्या तयार झाल्या.

हे विषम प्रमाण कसे मिळते, ते पाहण्याजोगे आहे. शंक्वाकार दंतचक्रांचे साधे डिफरन्शियल दोन्हीकडे समान टॉर्क देते. ग्रहीय दंतचक्रांच्या रचनेत, म्हणजे मधले सूर्यचक्र व बाहेरचे दातेरी कडे यांच्यामध्ये लहान ग्रहचक्रे फिरणाऱ्या रचनेत, मात्र इंजिनाचा जोर ग्रहचक्रांच्या धारकाला देऊन एक आस मधल्या सूर्यचक्राला व दुसरा बाहेरच्या कड्याला जोडला, तर टॉर्कचे प्रमाण त्या दोहोंच्या दात्यांच्या संख्येप्रमाणे ठरते. ४० दात्यांचे सूर्यचक्र आणि ६० दात्यांचे कडे घेतल्यास ४०:६० हे प्रमाण धातूतच कोरले जाते. त्याची मर्यादाही तेथेच आहे : पुढची चाके बर्फावर येऊन जेमतेम ५० न्यूटन-मीटर (टॉर्क मोजण्याचे एकक) पेलू शकली, तर मागे ७५ पेक्षा अधिक जात नाही, इंजिन कितीही देऊ शकत असले तरी.

ही अडचण टॉर्सन डिफरन्शियलने बरीच दूर केली. १९८० च्या मूळ ऑडी क्वात्रोत मधले डिफरन्शियल चालकाला हाताने जखडावे लागे; ऑडीने टॉर्सन १९८६ च्या सुमारास स्वीकारले. त्यातील मळसूत्री दंतचक्रांच्या घर्षणामुळे पकड असलेल्या बाजूला दुसरीच्या काही पट टॉर्क मिळतो. हा गुणक ३ असेल, तर एका आसावरील ५० न्यूटन-मीटरसमोर दुसऱ्याला १५० पर्यंत मिळतात. पण एका आसाची पकड पूर्ण सुटली, तर शून्याची तिप्पट शून्यच होते; तेव्हा घसरत्या चाकाला ब्रेक लावून कृत्रिम विरोध निर्माण करावा लागतो.

बीएमडब्ल्यूच्या २००३ पासूनच्या एक्सड्राइव्ह या सर्वचाक-चालन पद्धतीत मागचा आस थेट जोडलेला असतो आणि पुढचा क्लचमार्फत. येथे ४०:६० हे दात्यांनी ठरवलेले प्रमाण नसून नियंत्रकाने क्लचवर राखलेल्या दाबाचा परिणाम असतो. क्लच पूर्ण सुटला की सारा टॉर्क मागे जातो; पूर्ण आवळला की दोन्ही आस एकाच वेगाने फिरतात आणि मग विभागणी टायरांची पकड व त्यांवरील भार ठरवतात. वेग घेताना भार मागे सरकत असल्याने मागचा वाटा आपोआप वाढतो. म्हणूनच ‘शंभर टक्के टॉर्क पुढे’ हे विधान, मागच्या चाकांना काहीच पकड नसेल तेव्हाच खरे ठरते, एरवी नाही. क्लच घसरत असताना टॉर्क नेहमी वेगाने फिरणाऱ्या बाजूकडून मंद बाजूकडेच वाहतो, हाही नियम ध्यानात घ्यावा लागतो. त्यामुळे एका आसावर नवे व दुसऱ्यावर झिजलेले टायर असतील, तर परिघांतील फरकामुळे सरळ रस्त्यावरही चकत्या एकमेकींवर घासत राहून तापतात.

२०१८ मध्ये सादर झालेल्या ऑडी ई-ट्रॉनसारख्या विद्युत गाड्यांत पुढची व मागची मोटर स्वतंत्र असून आसांमध्ये यांत्रिक जोडणी नसते. तेथे प्रत्येक मोटरला द्यावयाच्या प्रवाहावरून प्रमाण ठरते.