पस्तीस दिवस राबलेला बेरोजगार कुठे मोजायचा?

लातूरकडच्या एखाद्या गावातला पदवीधर मुलगा डोळ्यांसमोर आणा. वर्षभर तो नोकरीसाठी अर्ज करतोय, परीक्षा देतोय. सोयाबीनची काढणी आणि मळणी मिळून पस्तीस दिवस घरच्या शेतात राबला, बाकी वर्ष हात रिकामेच. दारात सरकारी सर्वेक्षक आला, तर हा मुलगा कोणत्या रकान्यात जाईल?

गेल्या ३६५ दिवसांचा हिशेब लावला तर तो रोजगारात धरला जातो. वर्षातला बहुतेक काळ काम शोधण्यात गेला असला, तरी जोडकाम किमान ३० दिवस केलं की माणूस रोजगारात, असा या ‘नेहमीच्या स्थिती’चा नियम आहे. गेल्या सात दिवसांपुरतं विचारलं आणि त्या आठवड्यात तो फक्त काम शोधत होता, तर तो बेरोजगार. त्याच आठवड्यात एखाद्या दिवशी तासभर शेतात काम केलं असेल तर पुन्हा रोजगारात. आणि कंटाळून त्याने शोधणंच सोडलं, कामाला तयार नाही म्हणाला, तर तो बेरोजगारांत धरला जात नाही, श्रमशक्तीतूनच, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे यांच्या एकूण संख्येतूनच, बाहेर पडतो. बेरोजगारीचा दर काढताना भागाकार श्रमशक्तीने होतो. त्यामुळे निराश होऊन घरी बसलेली माणसं वाढली की दर खाली येऊ शकतो.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात २०२३-२४ साली देशाचा बेरोजगारी दर वर्षाच्या हिशेबाने ३.२ टक्के आला, आठवड्याच्या हिशेबाने ४.९ टक्के. माणसं तीच, घरं तीच. जाहिरातीत आणि भाषणात मात्र बहुतेक वेळा पहिलाच आकडा येतो, आणि माझा आक्षेप तिथे आहे. सर्वेक्षक खोटं लिहितात असं मी म्हणत नाही. सुमारे १ लाख कुटुंबांच्या दारात जाऊन एवढी चौकशी करणं हे मोठं काम आहे, आणि त्याबद्दल मला आदरच वाटतो.

अविश्वासाला कारण मात्र सरकारनेच दिलं. याच सर्वेक्षणाचा २०१७-१८ चा अहवाल तयार असूनही बाहेर येईना, म्हणून जानेवारी २०१९ मध्ये सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. पाठोपाठ वर्षाच्या हिशेबाने बेरोजगारी ६.१ टक्के हा आकडा वर्तमानपत्रात फुटला. हा अंतिम अहवाल नाही, असं तेव्हा सांगण्यात आलं. लोकसभेची निवडणूक झाली आणि ३१ मे रोजी अहवाल अधिकृतपणे आला. आकडा तोच होता, ६.१. खरा आकडा दडवून ठेवला की नंतरच्या खऱ्या आकड्यांवरही लोक शंका घेतात. सांख्यिकीचं याहून मोठं नुकसान मला दिसत नाही.

६.१ वरून ३.२ पर्यंतची घसरण बारकाईने पाहायला हवी. याच सहा वर्षांत स्त्रियांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्क्यांवरून ४१.७ टक्क्यांवर गेला. ऐकायला छान वाटतं. पण २०२३-२४ मध्ये काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणी घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी चुलीपुढे बसणाऱ्या बाईचं काम मोजलं गेलं, हे योग्यच झालं. तिच्या हातात एक रुपया पडला नाही, हे मात्र बेरोजगारीच्या दरात कुठेच दिसत नाही. स्वयंरोजगाराचा वाटा याच काळात ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेला, आणि नियमित पगारी कामाचा २२.८ वरून २१.७ वर उतरला.

आणखी एक गोष्ट. २०२३-२४ च्या सर्वेक्षणात निरक्षरांमधली बेरोजगारी एक टक्काही भरली नाही. माध्यमिक किंवा त्याहून जास्त शिकलेल्यांमध्ये ती ६.५ टक्के होती. निरक्षरांना चांगली कामं मिळतात असा याचा अर्थ नव्हे. ज्याच्या घरात उद्याचं पीठ नाही, त्याला काम शोधत बसणं परवडत नाही. मिळेल त्या मजुरीवर तो उभा राहतो आणि रोजगारात मोजला जातो.

१९७० मध्येच अर्थतज्ज्ञ प्रा. दांतवाला यांच्या समितीने सांगितलं होतं, की घरच्या शेतीवर आणि स्वयंरोजगारावर चालणाऱ्या देशात बेरोजगारी एकाच आकड्यात मांडता येणार नाही. वर्षाचा, आठवड्याचा आणि दिवसाचा असे तीन हिशेब त्या विचारातूनच पुढे रूढ झाले. २०२५ पासून दर महिन्याचेही आकडे येऊ लागले आहेत. एप्रिल २०२५ चा पहिला आकडा ५.१ टक्के होता. तो आठवड्याच्या हिशेबाचा आहे, म्हणून ३.२ च्या शेजारी ठेवून बेकारी वाढली असं म्हणता येत नाही. तो ४.९ च्या शेजारीच ठेवायला हवा, आणि तेही एका महिन्याची वर्षाशी तुलना करतोय हे लक्षात ठेवून.