दुरुस्ती भाडेकरूने करायची, खर्च भाड्यातून वळता : आधी काय ठरवून घ्याल?

घर पसंत पडले आहे, पण बाथरूम गळते आणि भिंतींना पोपडे आले आहेत. मालक म्हणतात, "तुम्हीच करून घ्या, भाड्यात बघू." पुढची भांडणे या "बघू"मधून निघतात. त्यामुळे भाडेकरारासाठी आमच्याकडे येण्याआधी दोघांनी मिळून हे पत्रक वाचावे.

भाडे पूर्णच लिहा

आमचा आग्रह एवढाच, की करारात भाडे कमी करून लिहू नका. ठरलेले भाडे पूर्ण लिहा आणि दुरुस्तीचा मान्य खर्च दरमहा त्यातून वळता करा. भाडेच कमी लिहिले, तर सवलत कधी संपायची हे कुठेच राहत नाही आणि नूतनीकरणाच्या वेळी वाढ कोणत्या आकड्यावर धरायची, यावरून वाद होतो. समजा, खर्च तीन महिन्यांच्या भाड्याइतका आहे आणि तो वर्षभरात फेडायचा आहे. मग बारा महिने पाऊण भाडे द्यायचे, तेराव्या महिन्यापासून पूर्ण. दर महिन्याच्या पावतीवर ठरलेले भाडे, वळती केलेली रक्कम आणि हातात दिलेली रक्कम असे तिन्ही आकडे हवेत.

डिपॉझिट यात मिसळू नका. त्याचा हिशेब वेगळा.

कोणते काम धरायचे?

गळके छत, भिंतीतले पाइप, जुनाट वायरिंग यांच्या दुरुस्तीवाचून घर राहण्याजोगे होत नाही. असे काम भाडेकरू करून देत असेल, तर पूर्ण खर्च वळता व्हावा, असे आमचे मत. आवडीचा रंग किंवा नवी कपाटे ही सोय झाली. त्यात मालकाचा वाटा किती आणि घर सोडताना कपाटे काढून नेता येतील का, हे आधीच बोलून घ्या. भाडेकरूच्या हातून फुटलेली काच मात्र त्यानेच बदलायची.

वीज आणि गॅसचे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या, मग तुमचा हात कितीही बसलेला असो. सामाईक पाइपला हात लावायचा असेल, तर इमारतीच्या व्यवस्थापनाची परवानगी मालकाने आणावी.

ओलीबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण पैसे सर्वाधिक इथेच वाया जातात. ओल्या भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला, की तो पुन्हा फुगतो आणि "काम नीट केले नाही" म्हणून मालक वळती थांबवतात. आधी पाणी कुठून येते ते शोधायचे, ते बंद करायचे, भिंत पूर्ण वाळू द्यायची आणि मग रंग. बाथरूमचे वॉटरप्रूफिंग झाले, की फरशी बसवण्याआधी किमान २४ तास पाणी साठवून ठेवतात आणि खालच्या छताला ओल येते का, ते पाहतात. त्या वेळी मालकांना बोलवाच. निदान फोटो तरी पाठवा. कामाची मुदत ठरवताना वाळण्याचे दिवसही धरा.

आकडा कसा ठरवायचा?

दोन-तीन कारागिरांची कोटेशन घ्या, साहित्य आणि मजुरी वेगळी लिहून. भाडेकरू स्वतः काम करणार असेल, तर त्याची मजुरी धरायची की नाही, हे सुरुवातीलाच ठरवा. नंतर हा विषय काढणे दोघांनाही अवघड जाते. भिंत फोडल्यावर आत आणखी काही निघतेच. म्हणून खर्चाला कमाल मर्यादा घाला आणि त्यापुढे मालकांच्या लेखी होकाराशिवाय जाऊ नका. कामाआधीचे व नंतरचे फोटो आणि सगळी बिले जपून ठेवा.

मध्येच घर सुटले तर?

हे कलम लोक हमखास विसरतात. मालकाने मुदतीआधी घर रिकामे करायला सांगितले, तर वळती व्हायची राहिलेली रक्कम त्याने एकरकमी परत द्यावी. भाडेकरू आपणहून गेला, तर किती मिळेल की काहीच नाही, ते लिहा. घर विकले गेले तर राहिलेली रक्कम कोण देणार, हेही लिहा.

तोंडी बोलणे झाले म्हणून आपल्या मनाने भाडे कापू नका. कागद नसेल, तर ती थकबाकीच दिसते.

करार आधीच झाला असेल, तर पुरवणी करार करता येतो. येताना मूळ करार, कोटेशन आणि सध्याच्या अवस्थेचे फोटो आणा. शक्यतो मालक आणि भाडेकरू दोघांनी एकत्रच यावे.